ओढ्यापलीकडची मुलं आणि तुमची सही

प्रिय आबा,

दादा तीन आठवडे माझ्याशी बोललेला नाही. शेवटच्या फोनवर एवढंच म्हणाला, "मेलेल्या माणसाला उत्तर देता येत न्हाय, तायडे. एवढं तरी ध्यानात ठेवायचं हुतंस." आणि फोन ठेवला.

त्याचं खरं आहे. तुमच्या माघारी भरल्या सभेत मी तुमचं नाव घेतलं, आणि कौतुकानं नाही घेतलं. बाकी कुणी तुमच्या कानावर घालण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहायला बसले.

आपल्या गल्लीतली शाळा. तिच्या भिंतींना तुम्ही स्वतः चुना दिलेला, हे तुम्ही किती वेळा सांगायचात! आता तिथं आमची ईशा चौथीत आहे आणि मी पालकांच्या समितीची अध्यक्ष. शाळेत पोरं उरली नाहीत, आबा. निम्मी गल्ली आपली मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत धाडते. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या शाळेची गत त्याहून वाईट, पावसात वर्गात बादल्या ठेवाव्या लागतात. म्हणून महापालिकेनं ठरवलं, ती शाळा बंद करायची आणि तिथली मुलं आपल्या शाळेत आणायची. त्यासाठी आपल्याला दोन नवे वर्ग आणि संगणकाची खोलीही मंजूर झाली.

खोली सगळ्यांना हवी होती. मुलं नको होती.

तसं कुणी म्हटलं नाही. जागा कमी पडेल, शिस्त बिघडेल, पोरं शिव्या शिकतील, असं म्हटलं. मग एकानं तोड काढली: आपली मुलं सकाळी बसवू, त्यांची दुपारी. जातीचा उच्चार नाही कुठं. सगळ्या जातींच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केलेलं गाव आपलं. इथं तो शब्द चारचौघांत काढत नाहीत.

सभेच्या चार दिवस आधी शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं. जुनी हद्द कुठली होती ते शोधताना त्यांना कपाटात एक अर्ज सापडला होता. तो माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "हे तुमच्या घरातलं आहे. काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

पहिली सही तुमची होती. खाली गल्लीतल्या सगळ्यांच्या. ओढा ही शाळेची हद्द धरावी, पलीकडच्या मुलांना तो ओलांडणं धोक्याचं आहे, सबब त्यांना इथं प्रवेश देऊ नये.

धोक्याचं? त्याच ओढ्यातून आपल्या म्हशी रोज चरायला जायच्या, आबा. मागे शेपटी धरून मी असायचे.

सुमन आठवली मला. मी तिसरीत होते. वस्तीतल्या चार-पाच मुलांना बाईंनी दाखल करून घेतलं होतं, त्यातली ती एक. माझ्या शेजारी बसायची. आठवडाभर आम्ही एकाच पाटीवर गणितं केली. मग एका सकाळी ती आली नाही. मी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही धार काढत होता. मान वर न करता म्हणालात, "त्यांची शाळा तिकडं हाय, बाळ." मला ते पटलं. तुम्ही सांगितलेलं मला सगळंच पटायचं.

आणि महापूर आला तेव्हा? सगळी वस्ती याच शाळेत येऊन राहिली होती. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यातून दुधाच्या किटल्या घेऊन जायचात, त्यांच्या लेकरांना आपल्या हातानं पेले भरून द्यायचात. आई ओरडायची, तरी जायचात. तेव्हा वर्गातल्या त्या बाकांकडं बघून तुमच्या मनात काहीच आलं नाही का? पाणी ओसरलं, माणसं परत गेली आणि शाळा पुन्हा आपली एकट्याची झाली. तुमच्यातली ही दोन माणसं एकमेकांना कधी भेटलीच कशी नाहीत?

सभेत तुमचे मित्र बापूकाका उठले. म्हणाले, ही शाळा आबानं राखली, तो असता तर आज ही वेळ आली नसती. माना डोलल्या. तेवढ्यात मागून एक बाई उभी राहिली. वस्तीतले पालक भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्यातली.

"मी ह्या शाळंत आठवडाभर बसलीया," ती म्हणाली. "ह्या वैशालीच्या, आबांच्या लेकीच्या शेजारी. मग मला घालवली. माझ्या पोरीला घालवू नगा."

मी तिला ओळखलंच नव्हतं, आबा. मान खाली गेली माझी.

बापूकाका म्हणाले, त्यावेळी हद्दीचा नियमच तसा होता, कुणाचा दोष नाही. मी पर्समधून अर्ज काढला आणि सबंध वाचून दाखवला, सह्यांसकट. शेवटी म्हटलं, "नियम आधी नव्हता. ह्या अर्जामुळं झाला. पहिली सही माझ्या वडलांची आहे. त्यांनी चूक केली. मी ती दुसऱ्यांदा करणार नाही."

बापूकाका चहा न घेता निघून गेले. हात वर करायची वेळ आली, तेव्हा थोड्या मतांनी का होईना, एकाच पाळीचा ठराव झाला. पाच घरांनी दुसऱ्या दिवशी मुलांचे दाखले काढले. बाकीची राहिली.

फाटकाशी सुमन भेटली. मला वाटलं, काहीतरी गोड बोलेल. तिनं विचारलं, "कागद कवापासनं हुता तुझ्याकडं?"

चार दिवसांपासून, म्हटलं.

"मग सभेत आधीच का न्हाय काढलास? मी बोलायची वाट बघत हुतीस व्हय?"

खरं तेच होतं. तो कागद मी फाडायलाही काढला होता, तुमच्यासाठी. तेही सांगितलं तिला. "बरं," एवढंच म्हणून ती गेली. अजून आमची मैत्री वगैरे झालेली नाही. तिची मुलगी आता ईशाच्या वर्गात आहे, आणि पहिल्याच दिवशी खिडकीजवळच्या जागेवरून दोघींचं भांडण झालं. बाईंनी दोघींनाही तिथून उठवलं.

काल रात्री जेवताना ईशानं विचारलं, "आजोबा वाईट होते का गं?"

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? रागावला असता की मान खाली घातली असती? मला खरंच माहीत नाही, आणि याचंच सगळ्यात वाईट वाटतं. तुम्ही होता तेव्हा मीच कधी विचारलं नाही. सुमनचं नावसुद्धा काढलं नाही.

मी ईशाला किटल्यांचं सांगितलं. मग अर्जाचं सांगितलं. ती म्हणाली, "मग दोन्ही खरंय?" मी हो म्हटलं.

दादा आज ना उद्या बोलेल. न बोलला तरी तुम्हाला एक शब्द देते. तुमचं नाव राखायला मी खोटं बोलणार नाही, आणि खरं बोलले म्हणून तुम्हाला टाकणारही नाही. ईशा विचारेल तितक्या वेळा दोन्ही सांगेन.

तुमचीच,
तायडी