टाकीचं पाणी

पिशोर,
शनिवार, १७ जानेवारी २०२६

चि. विश्वजीतला आशीर्वाद. सूनबाई श्रेयालाही.

इकडं सगळं बरं आहे असं लिहितो, तशी रीत आहे. तुझ्या आईचे गुडघे धरलेत. गावच्या टाकीचं पाणी आता कोणी भरत नाही, म्हणून तिला विहिरीवर जावं लागतं.

फोन केला की तू 'दादा, मीटिंग चालू आहे' म्हणतोस. म्हणून कागद केला. शेजारची लक्ष्मीबाई उद्या एसटीनं तिकडं येतेय, तिच्याजवळ देतो. कुणाला दाखवू नको.

तू टाकीचा व्हिडिओ पाठवला होतास. त्यात होतं, मतदानाआधी पाण्यात गुंगीची पावडर टाकणार आहेत, आपल्या माणसांना कळवा. 'आपल्या माणसांना' वाचून मला बरं वाटलं. म्हटलं, पोराला बापाची काळजी आहे. पारावर सगळ्यांना दाखवला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी टाकीवरून चाललो होतो. वर आपला पाणीवाला निजामुद्दीन पांढरी पावडर टाकत होता. ती जंतू मारायची पावडर. नेहमीच टाकतो, मी कैकदा त्याची शिडी धरली आहे. तरी मी ओरडलो. माणसं धावली. त्याला खाली ओढलं, त्याचा हात मुरगळला.

त्यानं दुसऱ्या हातानं तांब्या भरला, अर्धा स्वतः प्यायला आणि माझ्यापुढं धरला.

"घे कडुबा. जन्मभर माझ्याच हातचं पितोस ना?"

पारावरचा सांडू मागून हसला, "पी की! भेतो का काय?"

मी तांब्या घेतला नाही.

विषाची भीती नव्हती रे. घोट घेतला असता तर तू खोटा पडला असतास. 'माझ्या विश्वजीतनं पाठवलंय' असं मीच सांगत फिरलो होतो.

निजामुद्दीन यंदा तिळगुळाला आला नाही. तुझी आई माझ्याशी बोलत नाही. सोमवारी चावडीत बैठक आहे, त्याला कामावरून काढायचं म्हणतात. मला साक्षीला बोलावलंय.

तू म्हणशील, दादा, मी नुसतं पुढं पाठवलं. व्हय. पण मी ते तुझं म्हणून वाचलं.

सोमवारी सगळ्यांपुढं मी टाकीचं पाणी पिणार. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं. जमलं तर ये, शेजारी उभा राहा.

मेसेज मात्र बंद करू नको. 'दादा, जेवलात का' एवढंच लिही. ते मी लगेच खरं मानीन.

तुझा आपला माणूस,
दादा