काचेतली साबणाची वडी

तीर्थरूप दादास,

सहा फुटांचं अंतर राखून साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, वहिनीचा खोकलाही थांबला असेल (साधाच होता ना, की आईला सांगण्यापुरता साधा?). आम्ही दोघं ठणठणीत आहोत. आई रोज सकाळी विचारते, दादा कधी येणार? चौदा महिने झाले रे. अत्यावश्यक मालाची ने-आण सोडून प्रवासाला परवानगी नाही, हे मी तिला समजावतो. तिला ते पटतं, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारते.

आता दुकानाचं ऐक. तुमच्या कार्यालयाच्या अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत (ती तू टाइप केलीस हे मी गल्लीत कुणालाही सांगितलेलं नाही, मला अजून जगायचंय) फोटोफ्रेम नाहीत, साबण आहे. म्हणून मी दर्शनी काचेत साबणाची एक वडी मांडली आणि फ्रेमचं दुकान राजरोस उघडलं. धंदा म्हणशील तर कधी नव्हे इतका झाला, कारण घरात कोंडलेल्या माणसांना आपल्या भिंती पहिल्यांदाच दिसल्या होत्या. माझं बघून घड्याळवाल्याने मीठ ठेवलं, चपलावाल्याने कांदे. आठवड्याभरात अख्खी गल्ली अत्यावश्यक झाली.

परवा तपासनीस आले. हसतमुख गृहस्थ, मला वाटलं फ्रेम हवी असेल. त्यांनी साबण मागितला. विकावा तर दुकानात अत्यावश्यक म्हणून काही उरत नाही, आणि नाही म्हणावं तर ती साठेबाजी! मी म्हटलं, त्यापेक्षा ही फ्रेम घ्या, फुकट. ते शांतपणे म्हणाले, "मला हात धुवायचेत." शेवटी विकला. त्यांनी वडी खिशात घातली, रीतसर पावती मागितली आणि दुकानाला सील ठोकलं. जाताना म्हणाले, साबण आला की कळवा, लगेच उघडून देतो. माणूस तसा भला आहे.

कोपऱ्यावरच्या दुकानातलाही साबण संपल्याची बातमी दूध आणायला गेलेल्या आईने आणली. तेव्हापासून मी घरी बसून तिची भांडी घासतो, आणि ती माझ्या चुका काढते. असो. वहिनीला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. आईनेच युक्ती काढली आहे. परवान्याच्या अर्जात कारण लिही, 'साबण पोहोचवणे'. यादी तुमचीच, अडवणार कोण? दोन वड्या आण. एक विकायला आणि एक कधीच न विकायला.

ता. क. २. आई चहा ठेवायला उठली तेवढ्यात लिहितो. कोपऱ्यावर साबण हवा तितका मिळतो. आपल्या कपाटातही तिच्या साड्यांखाली सहा वड्या लपवलेल्या आहेत. मी काही पाहिलेलं नाही. दुकान थांबेल, तू ये.