हिनं माणूस मरत नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

आली! अखेर आली! आणि नेमकी मी कचेरीत असताना आली. खोकं बायकोनं घेतलं, बायकोनंच फोडलं – स्वयंपाकघरातल्या कात्रीनं! म्हणाली, "मला वाटलं पडद्याची दांडी आली."

पडद्याची दांडी!

उलट्या धारेची जपानी तलवार आहे ती. आजवरच्या माझ्या सहाही तलवारी म्हणजे सरावाच्या प्रतिकृती – दोन लाकडी, एक बांबूची, तीन धातूच्या पण ठार बोथट. ही सातवी खरी. हिला धार आहे. साध्या तलवारीची धार बाहेरच्या, फुगीर बाजूला असते. हिची आतल्या बाजूला. म्हणजे घाव घातला तर समोरच्याला लागते ती बोथट बाजू. माणूस आडवा होतो, पण जगतो. काय विचार आहे! हातात शस्त्र आणि मनात दया. बायकोला समजावलं – "हिनं माणूस मरत नाही."

"मग घेतली कशाला?"

हौसेला मोल नाही, म्हटलं. त्यावर तिला मोलच विचारायचं होतं, म्हणून मी हातपाय धुवायला गेलो.

४ फेब्रुवारी, बुधवार

हात कापला.

कसा, ते इथे लिहून ठेवतो, कारण इतर कुठेही सांगणार नाही. तलवार म्यान करायची एक पद्धत असते. डाव्या मुठीत म्यानाचं तोंड धरायचं, पात्याची पाठ डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात टेकवायची, टोकापर्यंत ओढत न्यायची आणि टोक आत सोडायचं. न बघता. बघितलं तर नवशिका. तीन वर्षं बोथट प्रतिकृतींवर मी हे घोटलंय. डोळे मिटून करतो. आज आरशासमोर डोळे मिटूनच केलं.

उलट्या धारेच्या तलवारीची धार असते कुठे? साध्या तलवारीची पाठ असते तिथे! बरोब्बर बेचक्यात!

म्हणजे अडाण्यानं ही तलवार म्यान केली तर काही होणार नाही. तो बावळटासारखा बघत बघत घालील. कापणार तो फक्त शिकलेला माणूस. आपलेच दात, आपलेच ओठ.

बायकोनं पट्टी बांधली. "शत्रूला लागत नाही म्हणालात. मालकाला लागते हे नव्हतं सांगितलंत."

५ फेब्रुवारी, गुरुवार

कचेरीत सांगितलं, काकडी चिरताना कापलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला. ह्याचंच जास्त वाईट वाटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

आमच्या तलवारबाजी मंडळाची बैठक. पाच सभासद. प्रमुखांना आम्ही 'सेनापती' म्हणतो. एरवी त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान बंद करून यंत्रं भिंतीला सरकवली की झाली तालीम. सेनापतींनी चादरीचा पायघोळ अंगरखा शिवून घेतलाय. वाकून नमस्कार करताना कागद कापायच्या यंत्राला अडकला तो.

तलवार बघायला सगळे गोळा झाले. डोळ्यांत सरळ सरळ मत्सर. फार बरं वाटलं.

सेनापती म्हणाले, "द्या, मी म्यान करून दाखवतो."

 त्यांचा हात तर माझ्याहून सरावलेला – गेलाच असता अंगठा! "तेल ओलं आहे अजून, डाग पडेल," असं म्हणून हातातून काढून घेतली. खरं कारण सांगितलं असतं तर माझी पट्टी कशाची हेही कळलं असतं. माणूसही वाचला, अब्रूही वाचली.

मंडळाबाहेरचा पण माझ्याइतकाच वेडा माणूस एकच – जावईबापू. व्यायामशाळेची यंत्रं विकतात. दंड बघावेत! लग्नात मीच त्यांना धातूची उलटधारी प्रतिकृती दिली, दोन्हीकडून बोथट. देताना छोटंसं भाषणही केलं – हिनं माणूस मरत नाही, वगैरे. टाळ्या पडल्या होत्या. त्यांनाही म्यान करायचा तो हात मीच शिकवला. एका दुपारीत उचलला पठ्ठ्यानं.

११ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा फोन. "बाबा, मी थोडे दिवस घरी येऊ?"

ये की, म्हटलं. ह्यात विचारायचं काय? आणि फोन ठेवल्यावर आठवलं – तिच्या खोलीत तलवारी आहेत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर हाच घोर. बैठकीच्या खोलीत भिंतीला ओल आहे. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर. आमच्या खोलीत बायको आहे.

तिला म्हटलं, "लेकीची गादी बैठकीत घातली तर?"

तिनं नुसतं बघितलं. मंडळात तीन वर्षं शिकवतात ती नजर तिला उपजत येते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लेक आली. एकच बॅग. लांब बाह्यांचा कुडता, उकाडा असून. तलवारी शेवटी तिच्याच खोलीत राहिल्या, तात्पुरत्या. तिनं दारातून आत बघितलं आणि म्हणाली, "मी आईजवळ झोपते."

मी बैठकीत. माझी गादी मी नोकरी करतो त्याच गाद्यांच्या कारखान्याची. मध्ये खड्डा पडलाय.

१५ फेब्रुवारी, रविवार

दोघी मायलेकी कुजबुजतात, मी गेलो की भाजीचे भाव काढतात. म्हटलं, आपलं काहीतरी करावं. तलवारींना तेल लावायला बसलो. एक सर्रकन ओढली तर बाहेर कप फुटला. लेकीच्या हातातला.

"धांदरट पहिल्यापासून," मी म्हणालो. बायको काचा गोळा करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही आंधळे पहिल्यापासून."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जावईबापूंचा फोन. किती अदबीनं बोलतात! "बाबा, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही. ती जरा हळवी आहे, राईचा पर्वत करते. रविवारी न्यायला येतो. पाठवाल ना?"

हो, म्हटलं.

बायको शेजारीच होती. "मला नाही विचारलंत, तिला नाही विचारलंत. हो म्हणून मोकळे!"

म्हटलं, दोन्ही बाजू ऐकायला हव्यात. गादीच्या कारखान्यात तक्रारींच्या टेबलावर बावीस वर्षं मी हेच करतोय. 'आपली तक्रार पोहोचली. योग्य ती कार्यवाही होईल.' कुणाला नाही म्हणायचं नाही. खरेदीची तारीख नाही? फोटो नाही? साक्षीला कुणी नाही? मग गादी बसली तो 'वापरातला दोष'. फाइल बंद. साहेब म्हणतात, तुमच्यासारखा तक्रार गुंडाळणारा माणूस नाही.

बायको म्हणाली, "जन्मात एकदा तरी कुणाला नाही म्हणा हो. पोटच्या पोरीसाठी तरी."

मग ती रडली. ती सहसा रडत नाही. 

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लिहवत नाहीये. पण लिहितो.

संध्याकाळी लेक आपणहून त्या खोलीत आली. मी नव्या तलवारीचं पातं पुसत होतो. ती भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "बाबा, तू दिलेली ती तलवार तो भिंतीवर नाही लावत. उशाशी ठेवतो."

मी मूर्ख. म्हणालो, "असं ठेवू नये. गंज धरेल."

तिनं बाही वर केली.

दंडावर पट्टे. सरळ. एकाशेजारी एक. काही काळेनिळे, काही पिवळे पडलेले. रुंदी बघितल्याबरोबर ओळखली मी. दुसऱ्या कुठल्या बापाला ओळखू आली नसती. पाठीवर जास्त आहेत म्हणाली. तिनं आणि तिच्या आईनं फोटो काढून ठेवलेत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दोनदा दार वाजवलं होतं, त्याही सांगायला तयार आहेत.

"मी ओरडले की तो म्हणतो, नाटकं नकोत. तुझे बाबाच म्हणाले होते, हिनं माणूस मरत नाही."

टाळ्या पडल्या होत्या त्या वाक्याला.

मला तिला जवळ घ्यायचं होतं. मी तिथे पुसायचं फडकं धरून उभा. शेवटी तीच पुढे आली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि लहानपणी रडायची तशी रडली. मला माझी लाज वाटली. अजून वाटतेय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सहाही प्रतिकृती उतरवून कापडात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. खोलीत लेकीची गादी घातली. सातवी तेवढी खाली ठेवलीय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आरशासमोर उभं राहून 'नाही' म्हणायचा सराव केला. 'नाही.' 'ती येणार नाही.' 'नाही म्हणजे नाही.' बायको दाराआडून ऐकत होती. म्हणाली, "जरा मोठ्यानं."

२२ फेब्रुवारी, रविवार

आले. मिठाईचा पुडा घेऊन. मला वाकून नमस्कार. लेक आईबरोबर आतल्या खोलीत, दाराला कडी.

मी घसा खाकरला. 'ना' तोंडात तयार होता. तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यात गेली. "बाबा! खरी आणलीत?" आणि उठले, घेतलीही हातात. डोळे चमकले. हवेत दोनदा फिरवली. बोथट बाजू तळहातावर आपटून बघितली – ह्याच माणसाच्या हातून माझी पोर – नको. ते लिहीत नाही.

"म्यान नेहमीसारखंच ना, बाबा? तुम्ही शिकवलंत तसं?"

आणि माझ्या तोंडून 'हो' गेलं. सवय! बावीस वर्षांची सवय, दुसरं काय?

त्यांनी डाव्या मुठीत म्यान धरलं. पातं बेचक्यात टेकवलं. माझ्याकडे बघून हसले, डोळे मिटले आणि झोकात ओढलं.

मग फार आरडाओरडा झाला. एवढा दणकट माणूस, पण ओरडायला लागला की थांबेना. मिठाईवर रक्त. डॉक्टरकडे मीच नेलं. बरेच टाके पडले. अंगठा राहील म्हणाले, पूर्वीसारखा वळणार नाही कदाचित. वाटेत मी सारखी माफी मागत होतो. ती मला उत्तम येते. "घाबरू नका हो, जावईबापू," मी म्हणालो, "हिनं माणूस मरत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं असेल.

दवाखान्याच्या पायरीवर म्हणाले, "तिला घेऊनच जाणार मी."

"नाही," मी म्हणालो. काहीच कष्ट पडले नाहीत. "ती येणार नाही." रस्त्यावरच्या दोघाचौघांनी वळून बघितलं, म्हणजे मोठ्यानंच म्हटलं असणार.

घरी बायकोला सांगितलं. अपघात कसा झाला तेही सांगितलं. ती बराच वेळ माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. पट्टी निघून आठवडा झालाय, व्रण आहे. मग मला वाढलं आणि समोर बसून राहिली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली. लेकीबरोबर पोलीस चौकीत गेलो. तिनं सांगितलं, तक्रार मी लिहिली. तारखा, फोटो, खालच्या मजल्यावरच्या बाईंची साक्ष, पट्ट्यांची रुंदी, हत्याराची रुंदी. कशी लिहिली की तक्रार गुंडाळता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हवालदारानं दोनदा वाचली आणि मुकाट्यानं नोंदवून घेतली.

कालच्या नोंदीत एक दुरुस्ती. 'हो' सवयीनं गेलं नव्हतं.