तिसऱ्या धड्याचा सगळ्यात मेहनती विद्यार्थी

४ मार्च
प्रोग्रॅमिंगचा पेपर दुसऱ्यांदा. सगळे धडे ऑनलाइन. व्हिडिओ पूर्ण बघितला की हजेरी आपोआप. आईचा देगूहून फोन. म्हणाली, गधड्या, यंदा आपटलास तर कॉलेज बंद, सरळ सैन्यातली सक्तीची वर्षं उरकायला जायचं, तिथे तरी पहाटे उठशील. म्हटलं, आई, यंदा पहिला येतो बघ.
संकल्प : रोज एक धडा. उद्यापासून.

११ मार्च
दोन धडे झाले. म्हणजे चालू होते. प्यो मॅडम पडद्यावर फार सावकाश बोलतात, डोळा लागतो. मध्येच खिडकी उगवते, ‘तुम्ही आहात ना?’ बटण नाही दाबलं तर हजेरी बोंबलली. हा अविश्वास! निषेध म्हणून नूडल्सची दोन पाकिटं खाल्ली.

१९ मार्च
आठवडाभर खपून प्रोग्रॅम लिहिला. धडा संपला की पुढच्यासाठी तोच ‘चालू’ दाबतो, खिडकीलाही तोच ‘आहे’ म्हणतो. खोलीतला ग्यूथे म्हणतो, अरे येड्या, एवढ्यात चार धडे बघून झाले असते. याला दूरदृष्टीच नाही.
तिसरा धडा लावून लॅपटॉप कपाटात ठेवला. आवाज बंद.

६ एप्रिल
बेसबॉल. तळलेलं चिकन. अभ्यास जोरात.

२२ एप्रिल
प्यो मॅडमचा मेसेज, सगळ्या वर्गाला! एका मुलाने तिसरा धडा इतक्यांदा ऐकलाय की माझा विश्वास बसेना. मला वाटायचं, कुणीच ऐकत नाही. उद्या सगळ्यांनी कॉलेजात यायचं, तो धडा वर्गाला तोच समजावेल. त्याचे सहामाहीचे अर्धे मार्क त्यावरच.
तो म्हणजे मी. पण तिसराच का? जाऊ दे, गुणांची कदर झाली. शर्टाला इस्त्री केली.

२३ एप्रिल
तिसऱ्या धड्याचा विषय : प्रोग्रॅममध्ये एकदा सुरू केलेलं चक्र, म्हणजे लूप, थांबवायचं कसं.
मॅडमनी विचारलं, कसं थांबवायचं? म्हटलं, प्लग काढायचा. वर्ग खो खो हसला. मॅडम नाही हसल्या. हळूच म्हणाल्या, म्हणजे कुणीच ऐकत नव्हतं तर.
खोलीवर आलो. कपाटात तिसरा धडा चालूच. पुढचे सगळे गैरहजर.
संकल्प : उरलेले धडे आठवडाभरात.

२९ जून
नापास. देगूला आलो, आई सरळ न्हाव्याकडे घेऊन गेली. परवा भरती.
खुर्चीत बसल्या बसल्या मोबाईलवर तिसरा धडा लावला. मशीन डोक्यावरून फिरत होतं. मॅडम छान शिकवतात, खरंच. कुठे थांबायचं ते आधी सांगून ठेवायचं, एवढंच होतं.
मध्येच खिडकी उगवली, ‘तुम्ही आहात ना?’
आहे म्हणून दाबलं. माझ्या हाताने.
खाली अक्षरं आली, मुदत संपली आहे.