हात न टेकता

पुनर्वसन केंद्र, दुसरा मजला, खाट सात
३ मार्च

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. इतके आशीर्वाद मी एका दमात कधी देत नाही, पण सध्या आडवी पडून दुसरं काही देता येत नाही. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने रचते, म्हणून पत्रच बरं असं तूच म्हणालीस. तेव्हा आता वाच.

खुब्याचं हाड डॉक्टरांनी खिळे मारून जोडलं, ते नीट बसलंय. फळीवरचे पुस्तकबांधणीचे पुठ्ठे काढायला अडुसष्टाव्या वर्षी स्टुलावर चढू नये, हे मला तिघांनी तीनदा सांगून झालंय. तू चौथी होऊ नकोस.

काल इथले मोठे डॉक्टर आले होते. माझ्या दंडाला चिमटा काढून पाहिला आणि म्हणाले की, अंथरुणावर पडल्या पडल्या म्हाताऱ्या माणसाचे स्नायू भराभर झडतात. हाड जुळेल, पण ते पेलायला अंगावर मांस हवं आणि अंगावर मांस हवं तर पोटात मांस हवं. रोज दोन अंडी आणि एक वेळ मटण. मी सांगितलं, गेली एकोणपन्नास वर्षं खाल्लं नाही, आता खुब्यासाठी खाणार नाही. दुसरा उपाय सांगा. ते म्हणाले, दुसरा उपाय नाही. नर्सने तक्त्यावर लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' मी तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं, 'रुग्ण बाकी सगळ्याला सहकार्य करते.'

तू बरणीभर हाडांचं सूप पाठवलंस, ते शेजारच्या खाटेवरच्या कंडक्टरबाईंना दिलं. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेली बाई, गुडघा बदलून घेतलाय. तिने बोटं चाटत तुला दुवा दिलाय. पुन्हा पाठवलंस तर पुन्हा तिलाच जाईल.

कारखान्याची किल्ली तुझ्या लेकाकडे दिलीय ती फक्त खिडक्या उघडण्यासाठी. बाकी कशालाही त्याने हात लावू नये.

लोभ असावा, रस्सा नसावा.

तुझी
ताई

---

दुकान, ९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी गल्ल्यावर बसून वाचलं आणि एकटीच इतकी हसले, की यांनी सुरी खाली ठेवून काय झालं ते विचारलं. मटणाच्या दुकानदाराची मेहुणी मटण नको म्हणून डॉक्टरांशी भांडते, हे ऐकून गिऱ्हाइकांचीही करमणूक झाली.

पण ताई, आता हसणं पुरे. तुझा हट्ट मला नवा नाही. एकोणिसाव्या वर्षी तू पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिकायला लागलीस, दिवसभर कातडी-हाडांचा सरस उकळायचीस आणि घरी येऊन मटणाचं ताट सरकवायचीस. आधी वासाने सुटलं, मग मनानेही सुटलं, असं तू म्हणायचीस. तरी चाळिशीपर्यंत पुस्तकांना चामड्याची पाठ तूच चढवत होतीस, हे मी विसरलेले नाही. पुढे चामडं सोडलंस, सरस सोडून गव्हाची खळ धरलीस, निम्मी गिऱ्हाइकं गेली तरी हूं की चूं केलं नाहीस. मला त्याचा अभिमानच आहे. पण तेव्हा तू धडधाकट होतीस.

केंद्राच्या बाईंनी मला नियम सांगितला. अठरा एप्रिलला तुझी परीक्षा. खुर्चीवरून हात न टेकता लागोपाठ पाच वेळा उठता आलं तर घरी, नाही तर मागच्या इमारतीत कायमचा मुक्काम. तिथून परत आलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. त्यापेक्षा आमच्या दुकानामागच्या खोलीत ये. तुझा भाचा लिफ्ट दुरुस्त करतो, पण तुझं घर आणि कारखाना आहे त्या इमारतीत लिफ्टच नाही. चौतीस पायऱ्या तू कशाच्या जोरावर चढणार आहेस? तो म्हणतो, मावशीने आता कारखाना सोडावा.

निदान अंड्याचा तरी विचार कर. लोभ आहेच, तो ऐकण्यातही दिसावा.

तुझी
चिमणी

---

खाट सात, १६ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद,

आधी वाईट बातमी. काल सराव घेतला. खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घडी घालायला लावले आणि उठ म्हणाले. मी उठलेच नाही. पाय माझे आहेत की फर्निचरचे, कळेना. कंडक्टरबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं, त्याचंच जास्त लागलं.

संध्याकाळी इथली आहारतज्ज्ञ मुलगी आली. वय असेल अठ्ठावीस. मला वाटलं हीसुद्धा अंडी घेऊनच आली. पण तिने वही उघडली आणि पडण्याआधी मी दिवसभर काय खायचे ते विचारलं. सकाळी चहा-पाव. अकराला चहा. दुपारी भात, भाजी. चारला चहा-बिस्कीट. रात्री काम असलं की पुन्हा चहा-पाव. तिने पेन बंद केलं आणि म्हणाली, "आजी, तुम्ही शाकाहारी नाही, चहाहारी आहात."

मी रागावणार होते. पण खरं होतं गं. एकोणपन्नास वर्षं मी काय खात नाही हे छाती पुढे काढून सांगितलं, आणि काय खाते याकडे ढुंकून पाहिलं नाही. एकट्या बाईला कोण डाळ शिजवत बसतं?

तिने हिशोब सांगितला. माझं वजन पन्नास किलो, त्यात वय आणि मोडलेलं हाड, म्हणजे दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं हवीत. मी खात होते जेमतेम पंचवीस. हे मांसाशिवाय होईल का, असं विचारलं तर म्हणाली, आरामात होईल, पण आपोआप होणार नाही. दूध, दही, घट्ट मसूर, हरभरे, शेंगदाणे, सोयाबीन. एकाच वेळी ढीग नको, तिन्ही वेळा वाटून. आणि खाऊन नुसतं पडून राहिलं तर काही उपयोग नाही, पायांना कामही द्यायला हवं. वर रक्त तपासून बी-बाराची गोळीही सुरू केलीय. मोठ्या डॉक्टरांना हे सांगायला तिला जरा भीती वाटत होती. मी म्हटलं, तू कागदावर लिही, सांगते मी.

आता इथली डाळ. वाटीच्या तळाला नक्षी आहे ती दिसते, इतकी पातळ. मी वॉकर ढकलत स्वयंपाकघरात गेले. पोचायला वीस मिनिटं लागली, त्यामुळे रागाला मुरायला वेळ मिळाला. आचारी म्हणाला, म्हाताऱ्यांना घट्ट डाळ दिली की पोटात गुबारा धरतो. मी म्हटलं, रात्रभर भिजव, ते पाणी फेक, मऊ शिजव आणि पहिल्या आठवड्यात निम्मीच वाढ. ज्याचं पोट बिघडेल त्याने माझ्या नावाने ओरडावं. मजल्यावरच्या अकरा जणांच्या सह्या घेतल्या. त्यात चार मांस खाणारे आहेत. त्यांच्या ताटातही मटणाचा एखादा तुकडा आणि बाकी बटाटेच असतात.

तू काही करू इच्छित असशील तर खारे नसलेले भाजके शेंगदाणे पाठव आणि मसुराचं घट्ट सूप. तुझ्या हाताला चव आहे, हे मी तोंडावर कधी म्हणणार नाही.

कारखाना सोडायचा विषय पुन्हा काढू नये. लोभ कर, काळजी थोडी कमी कर.

तुझी
ताई

---

दुकान, २५ मार्च

ती. ताईस,

सा. न. तू दोनदा उठलीस हे तुझ्या भाच्याने सांगितलं आणि मी दुकानातच देवाचे आभार मानले. बघ, पाय तुझेच आहेत. सुपाचा डबा एक दिवसाआड येत राहील. तो मात्र तूच संपव, कंडक्टरबाईंना देऊ नकोस. शेंगदाणे त्यांना हवे तेवढे दे.

एक सांगायचं होतं, रागावू नकोस. तुझा भाचा घरमालकांशी बोलून आला. एप्रिलअखेर जागा रिकामी करू, असं तोंडी सांगितलंय. मुलाचा हेतू वाईट नाही. पुस्तकं दाबायचा शिकंजा जड आहे, त्याला गिऱ्हाईक बघायला वेळ लागतो, म्हणून आधी सांगितलं इतकंच.

सूप गरम करूनच पी. लोभ आहे तो वाढतोच आहे.

तुझी
चिमणी

---

खाट सात, २९ मार्च

चिमणे,

आशीर्वाद आहेत, पण आज मोजकेच.

कालचं सूप नर्सने गरम न करता दिलं. झाकण उघडलं तर वरचा थर थरथरत होता. मसूर असा थरथरत नाही. मी वास घेतला. वीस वर्षं मी सरस उकळलाय. हाडं पाण्यात तासन्‌तास ठेवली की काय होतं, हे मला तू सांगायचं नाहीस. तुझ्या सुपात मी सरस ओळखला.

याआधी किती डबे झाले? चार? मी चारही वेळा वाटी चाटून पुसून खाल्ली आणि तुझ्या हाताचं कौतुक केलं.

आहारतज्ज्ञ मुलीला डबा दाखवला. ती म्हणाली, गोठतो तो बहुतेक सगळा सरसच, त्यातलं प्रथिन अर्धवट असतं, स्नायू बांधायला तुमचा नुसता मसूर त्याच्यापेक्षा बरा. म्हणजे तू मला फसवलंस, तेही फुकट.

मला वाईट याचं वाटतं, की डॉक्टर समोरून बोलले आणि तू पाठीमागून केलंस. कारखान्याचंही तसंच. माझं हाड मोडलंय, डोकं नाही. घरमालकांना मी स्वतः पत्र टाकलंय की जागा सोडणार नाही. डबा धुऊन परत पाठवतेय. पुन्हा भरून पाठवू नकोस.

ताई

---

दुकान, १२ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. दोन आठवडे रोज कागद घेऊन बसले आणि उठले. आज लिहितेच.

चुकलं माझं. पहिल्या डब्यात घातलं तेव्हा वाटलं, जीव वाचतोय तर खोटं बोललेलं चालेल. दुसऱ्या डब्याला तेवढंही वाटलं नाही, सवय झाली. तुझ्या भाच्याला घेऊन घरमालकांकडे गेले आणि त्याचे शब्द मागे घ्यायला लावले. ते म्हणाले, तुमच्या ताईंचं पत्र आधीच आलंय, आणि ते वाचल्यावर मी तुम्हाला जागा रिकामी करू दिलीच नसती.

ताई, मी घाबरले होते. आई पडली तेव्हा तू कारखाना सांभाळलास, मी आईला सांभाळलं. दोन वर्षं तिला उचलून बसवलं, उचलून निजवलं. ती पुन्हा उठली नाही. तू पडलीस तेव्हा मला एवढंच कळलं, की तुला उचलायची ताकद आता माझ्यात नाही. हे तुला सांगायला लाज वाटली, म्हणून हाडं उकळत बसले.

आणखी एक. परवा दुपारी दुकान बंद करून मी गल्ल्याची खुर्ची मधे ओढली, हात छातीवर घेतले आणि उठून पाहिलं. तीनदा जमलं. चौथ्यांदा टेबलाला धरलं. मी एकसष्ट वर्षांची, काही मोडलेलं नाही. मटणाचं दुकान घरचं. मग ताटं आठवून पाहिली. तुकडे यांच्या आणि मुलाच्या ताटात, सुनेला थोडे, आणि सगळ्यांचं झालं की भांड्यातला रस्सा पावाला लावून मी. चाळीस वर्षं. कुणी तसं सांगितलेलं नाही, कुणी विचारलेलंही नाही. तू निदान ठरवून सोडलंस. माझं नुसतंच सुटलं.

अठराला मी येऊ का, हे विचारायचा हक्क राहिलाय का माहीत नाही. शेंगदाणे पाठवलेत. नुसते शेंगदाणे आहेत, शपथ.

लोभ मागत नाही, उरला असेल तेवढा ठेव.

तुझी
चिमणी

---

कारखाना, २१ एप्रिल

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद, सगळे मनापासून.

तू अठराला आलीस, मागे दाराशी उभी राहिलीस, आणि माझं नाव पुकारताच बाहेर निघून गेलीस. म्हणजे तू काहीच पाहिलं नाहीस. भाच्याने सांगितलं असेलच, पण माझ्या तोंडून ऐक. पहिले तीन सहज. चौथ्याला मांड्या थरथरल्या. पाचव्याला अर्ध्यावर अडकले, ना वर ना खाली, आणि मोठे डॉक्टर हात पुढे करायला लागले. मी म्हटलं, "हात लावू नका." मग उठले. किती वेळ लागला विचारू नकोस. कंडक्टरबाईंनी खाटेवरून दोनदा शिट्टी घातली, बस सोडताना घालायच्या तशी.

डॉक्टरांनी दंडाला पुन्हा चिमटा काढला आणि म्हणाले, आजींचं शरीर मुळातच काटक आहे. मी त्यांना थांबवून साठ ग्रॅमांचा कागद हातात दिला आणि तो करणारी मुलगी कोपऱ्यात उभी होती, तिला पुढे बोलावलं. पुढच्या रुग्णाला दुसरा उपाय नाही असं सांगण्याआधी हिला विचारा, असं सांगितलं. चेहरा पडला त्यांचा, पण कागद खिशात ठेवला.

भाचा मला खुर्चीत घालून वर न्यायला निघाला होता. त्याला पिशवी दिली आणि पुढे जायला सांगितलं. चौतीस पायऱ्या, तीन मुक्काम, पाऊण तास. वर पोचल्यावर घाम पुसला आणि आधी मसूर भिजत टाकले. स्टूल भाच्याने नेलं. ते नेऊ दिलं, एवढं मी ऐकते. पुठ्ठे आता कमरेच्या उंचीवर आहेत आणि एका वकिलाची नऊ पुस्तकं शिवायला आलीत.

आता तुझं. सुपाबद्दलचा राग गेलेला नाही. जाईल हळूहळू, तू घाई करू नकोस. पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आईला तू उचललंस आणि मी कारखाना सांभाळत होते, हे तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढे गेलीस. मला तसं पुढे जाता आलं नाही. त्या दोन वर्षांत तू काय खात होतीस, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तेवढी माझी चूक तुझ्या चुकीशेजारी मांडून ठेव.

रविवारी दुकान बंद ठेव आणि इकडे ये. पायऱ्या सावकाश चढ. त्या आहारतज्ज्ञ मुलीलाही बोलावलंय, ती तुझा कागद करून देईल. तुला मांस खायचं असेल तर खा, मी कोण नको म्हणणार? डाळ खायची असेल तर तीही खा. पण तुकडा असो की डाळ, पहिलं ताट तुझं वाढायचं आणि बसून जेवायचं. उरलंसुरलं खायचा कायदा कुणी केला मला ठाऊक नाही, पण तो मोडायचा तू आहेस. घरात कुणी भुवई वर केली तर सांग, ताईची आज्ञा आहे. आणि ताई आता हात न टेकता उठते, त्यामुळे तिचे दोन्ही हात मोकळे असतात.

लोभ आहे. तो तुझ्याइतकाच हट्टी आहे, जाणार कुठे?

तुझी
ताई