बोरीकरांनी मायेने केलेली माझी बदनामी

बोरी, ता. जिंतूर
१२ ऑगस्ट १९८७

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी पंडितचा दंडवत. (पोस्टातून येतोय, थोडा चुरगळला असेल, चालवून घ्या.) आपली कंबर कशी आहे? आणि सुलाताईचा राग? मागच्या खेपेला दोन्ही एकदमच उठले होते, म्हणून चौकशीही एकदमच करतो. इकडे मी खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

ढोरांच्या दवाखान्यात मी अजून परिवीक्षेवर आहे, हे आपण जाणताच. या शब्दाचा अर्थ बोरीत कुणाच्या गळी उतरेना. शेवटी म्हटलं, सरकार दोन वर्षं माणूस वापरून बघतं, पसंत पडला तर कायम करतं. त्यावर धुरपताबाई (यांच्या म्हशीचं अडलेलं रेडकू मी सोडवलं होतं) म्हणाल्या, "मंग ह्यात काय नवं? सुनंला बी आमी आसंच बघताव." तेव्हापासून मी गावाचा कच्चा डॉक्टर. जिंतूरच्या आबासाहेबांनीही कच्च्याला पोरगी देणार नाही असं साफ सांगितलंय. त्यांची कमल आणि मी एकमेकांना केव्हाच कायम करून बसलो आहोत, पण आमचा शिक्का विचारतो कोण!

तर गेल्या सोमवारी माझी तपासणी करायला पुण्याकडचे एक साहेब जीपने आले. मी अगदी निर्धास्त होतो, कारण गावाचा माझ्यावर जीव आहे. विसरलो ते एवढंच की बोरीत जिवाच्या वस्तूचं कौतुक कुणी तोंडाने करत नाही, दृष्ट लागते. घागरभर दूध देणाऱ्या म्हशीला "हाय आपली, शेनापुरती" म्हणायचं. गुटगुटीत लेकराला माकड म्हणायचं. "बरं हाय" ही इथली सर्वांत मोठी पदवी, अन् "लय भारी" हे फक्त बाजारात, खोडीचा बैल दुसऱ्याच्या गळ्यात मारताना म्हणतात. साहेबांना हे कोण सांगणार?

त्यांनी पारावर बसून विचारलं, डॉक्टर कसे आहेत? आश्रुबा (यांचा बैल मी मरणाच्या दारातून ओढून आणला) म्हणाले, "कशाचा डाक्टर, सायब! सुई कुठं टोचावी ते बैलच ह्याला दाखवायलाय." धुरपताबाई म्हणाल्या, "त्याचं काय खरं न्हाई. म्हशी आपल्या आपूनच बऱ्या व्हायल्यात." सरजाबाईंनी तर मला नुसतं बघूनच त्यांची शेळी आटल्याचं सांगितलं. (शेळी तिथेच उभी राहून प्रेमाने माझी पँट चघळत होती. पोटभर दूध देते.) इतक्या मायेने माझी निंदा कधी झाली नव्हती, दाजी. माझे डोळे भरून आले. साहेबांना वाटलं, मला लाज वाटतेय.

साहेब उठले आणि म्हणाले, काळजी करू नका, याला काढून चांगला माणूस पाठवतो. झालं! धुरपताबाई जीपच्या पुढ्यात मांडी घालून बसल्या. आश्रुबांनी बैल आणून बंपरला बांधला. साहेब ओरडले, अहो, पण नालायक आहे ना तो?

"आसंल. पर आमचा हाय की!" धुरपताबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या.

मग चांगला आहे म्हणा, असं साहेब विनवू लागले. कुणी तयार होईना. सरजाबाईंनी माझ्या तोंडावरून मीठमोहऱ्या उतरवायला घेतल्या. अखेर मला वाचवण्यासाठी आश्रुबांनी काळजावर दगड ठेवून सर्वांत मोठा शब्द काढला, "बरं हाय, सायब." साहेबांना तो जेमतेम वाटला. त्यांनी माझी परिवीक्षा सहा महिने वाढवली.

मला हसू आलं आणि रात्री रडूही. या सहा महिन्यांत आबासाहेब कमलला दुसरीकडे देऊन मोकळे होतील, ही भीती जेवू देत नाही.

बाकी क्षेम. भाच्यांना पापा.

आपला,
पंडित

ता.क. येत्या रविवारी आबासाहेब माझी चौकशी करायला पिंगळीला आपल्याकडे येत आहेत. माझी भरपूर स्तुती करा असं मागे कळवलं होतं, ते रद्द. ते अस्सल इकडचे आहेत. स्तुती ऐकली की माल विकायला काढलाय असं समजतील. तेव्हा माझी पोटभर निंदा करावी, ही हात जोडून विनंती.

ता.क. मात्र दोष खोटेच सांगा. खरे (घोरणं, अकरावीचा निकाल, आणि आपल्या सायकलीचं जे झालं ते) कृपया वगळा.

ता.क. आबासाहेब असेपर्यंत सुलाताईला चुलीपासून हलू देऊ नका. निंदा तीही करील, पण ती मनापासून करील.