परमिट धनाजीच्या नावावर

१४ मे
काल संध्याकाळच्या वादळानं वैरागकडच्या लाइनीचे दोन खांब वाकले, तारा शेतात. सकाळी सबस्टेशनला ड्युटीवर आले तर आमच्या साहेबांचा, म्हणजे उपअभियंत्यांचा, ग्रुपवर मेसेज: 'सर्व पुरवठा सुरळीत.' खाली अंगठेच अंगठे. तारा चिखलात लोळतायत आणि म्हणे सुरळीत! लाज कशाशी खातात ते या माणसाला ठाऊक नाही.

साडेआठला धनाजी लाइन बंद ठेवून काम करायचं परमिट घेऊन गेला. कंत्राटी लाइनमन, काम मात्र तिघांचं. वहीत त्याची सही. आता तो स्वतःच्या तोंडानं 'उतरलो' म्हणेपर्यंत मी त्या लाइनीत करंट सोडायचा नाही. नियम साहेबांनाही पाठ आहे. परीक्षेपुरता.

१५ मे
काल नंतर लिहायला जमलं नाही. अकराला साहेबांचा फोन. "मॅडम, लाइन चालू करा, सगळे उतरलेत." कुणी सांगितलं? "मी सांगतोय ना!" धनाजीचा मोबाइल रेंजबाहेर. म्हटलं, त्याच्याकडून ऐकल्याशिवाय नाही. मग फोनवर फोन. कुणा पुढाऱ्याचं बाराला उद्घाटन, त्याला एसी हवा. शेवटी रिसीव्हर काढून ठेवला आणि डबा उघडला.

सव्वाबाराला मोबाइलवर धनाजी. "ताई, टेकाडावरच्या खांबावर हाय, हितं रेंज लागली. शेवटचं जंपर जोडायचं ऱ्हायलंय. धा मिन्टात उतरतो."

डबा तसाच बंद केला.

१९ मे
कारणे दाखवा नोटीस. मला! 'विनाकारण सव्वा तास पुरवठा बंद ठेवला.' पुरवठ्याच्या विश्वासार्हतेचा आकडा घसरला म्हणे. यांच्या तोंडी विश्वास हा शब्द! सात दिवसांत खुलासा, नाहीतर बदली.

सोबत धनाजीचा लेखी जबाब: 'मी अकरा वाजता खाली उतरलो होतो.'

दुपारी आला. दारातच उभा. "ताई, करार म्हैन्यानं संपतोय. सायेब म्हनले लिव्ह, लिव्हलं."

म्हटलं, शाब्बास. कोळसा झाला असतास ना, तर तेही तुझ्याकडूनच लिहून घेतलं असतं त्यांनी.

दारातूनच मागं फिरला. साहेबांचं काही वाटत नाही, तो माणूसच तसला. याच्या वागण्यानं मात्र माझा संताप संताप झाला. ज्याच्यासाठी केलं तोच उलटला की!

२३ मे
परत वारं, परत तारा खाली. खुलासा तसाच. कागदावर फक्त 'महोदय', तेसुद्धा त्यांना जास्तच होतं.

सकाळी धनाजी परमिटला आला. नजर वहीत. सही केली, दारापर्यंत गेला, वळला.

"ताई, दिवसभर तुमीच हाय न्हवं?"

"दोनपर्यंत. पुढं सूर्यवंशी."

सूर्यवंशी म्हणजे साहेबांचा फोन उभं राहून घेणारा ऑपरेटर. धनाजीचं तोंड एवढंसं झालं. होऊ दे. लिहून देताना कुठं गेली होती अक्कल? मी काय त्याची आई आहे?

दोन वाजून वीस. साहेबांचे दोन फोन येऊन गेले. सूर्यवंशी म्हणतोय, मॅडम, घरी नाही जायचं का? परमिटची वही मी मांडीवर घेऊन बसलेय. धनाजी अजून खांबावर.